उत्तर चुकलं, तर गेम काय करतो?

मुलगा पहिलीत आहे. बेरजांचा गेम घेऊन दिला. बरोबर उत्तराला नाणी मिळतात, त्यांतून गाडी सजवायची. खेळतो तासभर, पण वहीत १४ + ५ ला अडतो. असं का? — एक आई, भांडुप

मुलगा झोपल्यावर तो गेम तुम्ही स्वतः खेळा आणि मुद्दाम चुका. चार पर्यायांवर एकामागोमाग बोट ठेवत गेलं तरी नाणं मिळतं का? मिळत असेल, तर मुलगा बेरीज करतच नाहीये, बोटं चालवतोय. काही गेममध्ये चुकल्यावर असा गमतीदार आवाज येतो की मुलं त्यासाठीच चुकतात. चांगला गेम चुकल्यावर थांबतो, १४ मणी मांडून दाखवतो, पुढचे ५ मुलाला मोजायला लावतो आणि थोड्या वेळाने तसंच गणित पुन्हा देतो.

दुसरं, बेरजा काढून तिथे इंग्रजी स्पेलिंग घातलं तरी गेम तसाच चालेल का, हे पाहा. तुमच्या वर्णनावरून तरी चालेल. म्हणजे खरा खेळ गाडी सजवण्याचा आहे. बेरीज हा त्याआधीचा टोलनाका. मुलगा तो कसाबसा ओलांडतो. गेम लगेच बंद करू नका, पण रोज दोन बेरजा त्याला चिंचोक्यांवर करून दाखवायला सांगा. नाणी पैशांनी विकत मिळत असतील, तर प्ले स्टोअरमध्ये खरेदीसाठी पासवर्ड आजच लावा.

गेमवर ‘३+’ लिहिलंय. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला शिकायला योग्य ना? — एक बाबा, परळ

नाही. तो आकडा फक्त हिंसा, भीती, शिव्या, जुगार अशा मजकुराबद्दल असतो, आणि गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. शिकण्याशी त्याचा संबंध नाही. सुरुवात करायची तर ‘जीकॉम्प्री’ (GCompris) हा शिकण्याच्या खेळांचा संच पाहा. २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे, मोफत आहे, जाहिराती नाहीत.

नात तीन वर्षांची. मराठी मुळाक्षरांचा गेम निवडायचाय. किती वेळ द्यावा? — एक आजोबा, गिरगाव

वेळेचं उत्तर सोपं: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार या वयात दिवसभरात सगळे पडदे मिळून जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर उत्तमच.

निवड मात्र डोळ्यांत तेल घालून करा. मराठीच्या नावाखाली पुष्कळदा हिंदी वर्णमालाच येते. ‘ळ’ आहे का? ‘ल’ आणि ‘श’ आपल्या पाठ्यपुस्तकातल्या वळणाचे आहेत का? ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्य’ असा तर ऐकू येत नाही? ‘चमचा’तला आणि ‘चिमणी’तला च वेगळा ऐकवला आहे का? तीन वर्षांचं मूल कानाने शिकतं, म्हणून यात तडजोड नको. अक्षर गिरवताना बोट कुठूनही फिरवलं तरी ‘शाब्बास’ येत असेल, तर तो गेम सोडा. आणि नातीशेजारी बसा. ‘कमळ’ दिसलं की राणीच्या बागेत पाहिलेलं फूल आठवून देणारं माणूस गेममध्ये नसतं.

गणिताचा गेम मायक्रोफोन आणि लोकेशनची परवानगी मागतो. द्यावी का? — एक आई, मुलुंड

मोठ्याने वाचून दाखवायचा गेम असेल, तर मायक्रोफोन समजू शकतो. पाढ्यांना लोकेशन कशाला? दोन्ही नाकारा. नाकारल्यावर गेम सुरूच होत नसेल, तर काढून टाका.