गच्चीवरच्या बागेत हवामान सारखं बदलत असेल तर भाज्या आणि फुलं टिकवायची कशी?

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर द्यावंसं वाटलंच, कारण यातून मी स्वतः गेलेय. पुण्यात तिसऱ्या मजल्याची गच्ची, वीस-बावीस कुंड्या, मे महिन्यातच पाऊस, मग मधेच कडक ऊन, ऑक्टोबरात उकाडा आणि परत पाऊस, त्यात टोमॅटो बुडाला काळे पडले, कोथिंबीर उगवतच नाही, शेवंतीला दोन वर्षं कळी नाही, आणि तुम्हाला हवंय ते कोणत्या महिन्यात काय लावायचं याचं पक्कं टाइमटेबल. ते थोडंफार खाली देतेच, पण नुसत्या टाइमटेबलवर जाऊ नका. मी अकरा वर्षं गच्चीवर भाजी आणि फुलं लावतेय, सिंहगड रोडच्या बाजूला, आणि माझी जेवढी झाडं गेली त्यातली निम्म्याहून जास्त मुळाशी पाणी साचून गेली, ऊन किंवा थंडीनं त्यामानानं फार कमी. म्हणून आधी कुंडीचं बघू.

२०२५ चा मे आठवतोय ना, एरवी मुंबईत ११ जूनच्या आसपास पोचणारा मान्सून २६ मेलाच येऊन थडकला आणि पुण्यातही त्याच्या आधीपासून रोज संध्याकाळी धो धो चालू होतं. तेव्हा माझ्या सगळ्या कुंड्यांखाली उन्हाळ्यासाठी ताटल्या ठेवलेल्या होत्या, पाणी टिकावं म्हणून, आणि त्या काढायचं राहून गेलं. आठ दिवसांनी टोमॅटोची पानं मलूल दिसायला लागली, भर पावसात झाड सुकल्यासारखं, आणि अशा वेळी हमखास वाटतं की पाणी कमी पडलं. एक झाड उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, बोटात धरली की वरची साल निघून यायची आणि आत दोरा राहायचा, वास तुंबलेल्या मोरीसारखा. चांगलं मूळ पांढरं असतं आणि त्याला मातीचा वास येतो. तेव्हापासून पहिला वळीव झाला की ताटल्या उचलते (त्यात डासही होतात, ते वेगळंच) आणि प्रत्येक कुंडी दोन विटांवर ठेवते. विटांचा फायदा उन्हाळ्यातही होतो कारण स्लॅब तापलेला असतो आणि खालून मुळं भाजतात, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत तर फारच.

तुम्ही आजच एक करून बघा. प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी ओता आणि बघा. वर तळं साचून राहिलं, मिनिट-दोन मिनिटांत खालून काहीच आलं नाही, तर त्या कुंडीत पावसाळ्यात काहीही लावलं तरी सडणार. बहुतेक वेळा भोक मातीनं बुजलेलं असतं, खालून सळई घालून मोकळं करा. आणि नुसती काळी माती भरली असेल तर ती बदलाच, शेतात ती सोनं आहे पण कुंडीत ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडून कडेनं सुटते, मग पाणी कडेनं सरळ खाली निघून जातं आणि मधली मुळं कोरडी.

मी काय भरते ते सांगते. तळाला चार-पाच बोटं उसाची चिपाडं, त्यावर वाळका पालापाचोळा, वर एक भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि भाताचं तूस मिळून. पावसाळ्यात कोकोपीट कमी करते, तूस वाढवते. चिपाडं कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून फुकट मिळतात, त्याला ती टाकायचीच असतात, फक्त आणल्या आणल्या भरू नका, चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा नाहीतर साखरेमुळे मुंग्या घर करतात आणि आंबून वास येतो. तीन-चार महिन्यांत ती कुजून कुंडीतली माती खाली बसते, तेव्हा वरून खत-मातीची भर घालायची. गच्चीवर वजन कमी पडतं हा मोठा फायदा, स्लॅबवर ओल्या मातीचं ओझं किती होतं याचा विचार फार लोक करत नाहीत.

आता पेरणी. हवामान असं लहरी झाल्यापासून मी एक नियम कडक पाळते, कुठलंही बी एका दिवशी सगळं पेरायचं नाही. मेथीचा एक क्रेट आज, दुसरा दहा दिवसांनी, तिसरा अजून दहा दिवसांनी. एखादा पाऊस झोडपून जातो, पण तिन्ही क्रेट सहसा एकदम जात नाहीत, आणि मेथी वीस-पंचवीस दिवसांत काढायला येते म्हणजे घरात सतत ताजी राहते. टोमॅटो-मिरची-वांग्याचं पण तसंच, एक ट्रे गणपतीत टाकते आणि दुसरा घटस्थापनेला. हस्ताचा पाऊस जोरात झाला तर पहिल्या ट्रेतली रोपं मर लागून (बुडाशी कुजून) आडवी होतात पण दुसरी वाचतात, आणि पाऊस लवकर उघडला तर पहिल्या रोपांना डिसेंबरातच टोमॅटो लागतात. आमच्या सासूबाई कोरेगावकडच्या, त्या घटात बाजारचे गहू न टाकता घरी राखलेलं बी टाकतात, वेगवेगळं, आणि नवव्या दिवशी कुठलं किती उंच आलं ते बघून ठेवतात. मी पण आता तेच करते, जे बी घटात नीट आलं नाही ते पुढे पेरायचंच नाही.

कशाला कुठला काळ मानवतो ते साधारण असं. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, मटार, कोबी-फ्लॉवर यांना थंडी हवी, दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत लावा. पावसात पालक आणि कोथिंबिरीचा हट्ट धरू नका, त्याऐवजी लाल माठ, तांदुळजा, चवळी, अंबाडी, आणि वेल म्हणजे दोडका, कारलं, घोसाळं, घेवडा. जिथे गच्चीचं पाणी जमतं त्या पाइपाजवळच्या कोपऱ्यात अळू लावा, त्याला पाण्याचा त्रास नाही आणि श्रावणात फतफतं-वड्या घरच्या पानांच्या होतात. उन्हाळ्यात माठ आणि भेंडी-गवार चांगली येते, बाकी झाडांना मार्चपासून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधून घ्या.

कोथिंबीर उगवत नाही याचं कारण बहुतेक वेळा धणा अख्खा पेरलेला असतो किंवा माती तापलेली असते. एका धण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर पसरून लाटणं हलक्या हातानं फिरवायचं, पीठ नाही करायचं, नुसत्या दोन फाकी झाल्या पाहिजेत, मग रात्रभर पाण्यात भिजवून निथळून पेरायचे, वर अर्धा इंच माती आणि ओलं गोणपाट. आठ-दहा दिवस लागतात, चौथ्या दिवशी माती उकरून बघू नका. गोणपाट मात्र मोड दिसताक्षणी काढा, एक दिवस जरी उशीर झाला तरी रोपं पिवळी लांबुडकी होतात.

टोमॅटोच्या बुडाला काळं पडणं हा रोग नाहीये, त्यामुळे तुम्ही जी बुरशीनाशकाची फवारणी केली म्हणताय तिचा उपयोग झाला नाही यात नवल नाही. झाडाला कॅल्शियम पाण्याबरोबरच वर मिळतं, आणि दोन दिवस कुंडी ठणठणीत कोरडी मग एकदम तुडुंब असं झालं की फळाच्या टोकापर्यंत ते पोचत नाही आणि टोक काळं पडून बसतं. बदलत्या हवेत हे फार होतं कारण आपण ढगाळ दिवशी पाणी बंद करतो आणि तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडतं. उपाय म्हणजे वरून पाचटाचं किंवा पालापाचोळ्याचं दोन बोटं आच्छादन आणि रोज बोट घालून बघणं, पहिल्या पेरापर्यंत बोट घातलं आणि माती चिकटली तर पाणी नको, कोरडी लागली तर द्या, घड्याळ बघून देऊ नका. अंड्याच्या टरफलाची पूड घाला हवी तर पण ती फार सावकाश विरघळते, आत्ताची फळं त्यानं वाचणार नाहीत. काळी पडलेली काढून टाका, झाडाची ताकद वाया जाते. आणि फळं पिकायला आलेली असताना पावसाचा अंदाज असेल तर रंग धरायला लागलेली तोडून घरात ठेवा, नाहीतर कोरड्यानंतरच्या पहिल्याच जोरदार पावसात ती तडकतात, घरात पण छान पिकतात. मार्चनंतर फुलं नुसती गळतात, दुपारचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रही गरम राहिली की परागच काम करत नाहीत, तेव्हा खतं ओतत बसू नका. थंडीत फुलं आली की सकाळी दहाच्या सुमारास देठाला बोटानं हलक्या टिचक्या मारा, टोमॅटोला तेवढं हलणं पुरतं.

रोगांचं थोडक्यात. ढगाळ हवा पडली की मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) येतोच, आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा, मग संध्याकाळी लिटरला पाच मिली नीमतेल आणि दोन-चार थेंब भांड्याचं लिक्विड. दिवसा ऊन आणि पहाटे दव अशा दिवसांत दोडका, काकडी, गुलाबावर भुरी (पानांवर पांढरी पूड टाकल्यासारखी बुरशी) दिसते, सुरुवातीलाच आंबट ताक एकाला दहा पाणी करून मारलं तर माझ्याकडे ती पसरत नाही. टोमॅटोवर करपा (पानांवर तपकिरी-काळे डाग पाडणारी बुरशी) दिसला तर बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण, १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १० ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवून मग तिसऱ्यात एकत्र ओतायचं, धातूचं भांडं चालत नाही. मारायच्या आधी त्यात लखलखीत लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा, खिळ्यावर तांबूस थर दिसला तर अजून चुना हवा, नाहीतर पानं जळतात. त्याच दिवशी वापरून संपवा, पालेभाजीवर मी हे कधीच मारत नाही.

चहा-आमटीला लागणारी झाडं सगळ्यात सोशिक. गवती चहा, पानओवा, कढीपत्ता कुठल्याही हवेत तग धरतात. पुदिना बाजारच्या जुडीतल्या जाड काड्यांपासून लावा, उन्हाळ्यात अर्ध्या सावलीत. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, बी धरलं की ती म्हातारी होते आणि पहिल्या थंडीत काड्या राहतात.

फुलांत झेंडूचं गणित मला फार आवडतं. आषाढी एकादशीला बी टाकायचं, दसऱ्याला तोरण. एक आषाढ शुद्ध एकादशी, दुसरी अश्विन शुद्ध दशमी, म्हणजे एक तिथी कमी तीन महिने, आणि उंच जातीच्या झेंडूला बियापासून फुलापर्यंत साधारण तेवढेच दिवस लागतात (मधे अधिक महिना आला तर तेवढं पुढे ढकला). रोप वीतभर झालं की एकदाच शेंडा खुडा. मोगऱ्याचं उलटं, त्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून छाटायचं, पानं झडू द्यायची, फेब्रुवारीत शेणखत देऊन पाणी चालू केलं की मार्चमध्ये कळ्यांनी भरतो. ताण दिला नाही तर नुसता पाला वाढतो.

आणि तुमची शेवंती. तुम्ही लिहिलंय की झाड हिरवंगार आहे, जिन्याच्या दारापाशी ठेवलंय, दोन वर्षं कळी नाही, उपटून टाकू का. अजिबात उपटू नका. तिला कळी धरायला लांब अंधारी रात्र लागते, म्हणून तर ती दिवाळीनंतर दिवस लहान झाल्यावर फुलते. माझ्याकडे एकाच झाडाच्या फुटव्यांच्या सहा कुंड्या होत्या, पाच फुलल्या आणि सहावी नुसती पानं. ती नेमकी जिन्याच्या दिव्याखाली होती, जो रात्रभर चालू असायचा. त्याहून गंमत दुसऱ्या एका कुंडीत होती, तिच्या दिव्याकडच्या फांद्या हिरव्या आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीतल्या फांद्यांना कळ्या, एकाच झाडाला. तुमच्या दाराशी पण दिवा असणार. ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहा, सप्टेंबर लागला की कुंडी उचलून टाकीमागे किंवा जिथे रात्री काळोख असतो आणि दिवसा पाच-सहा तास ऊन येतं तिथे ठेवा, आणि नोव्हेंबरात शेंड्याची पानं बाजूला करून बघा, मोहरीएवढ्या हिरव्या गाठी दिसतील, त्या दिसल्या की फोटो टाका इथे.