वाफेची इंजिनं असताना हेरिटेज रेल्वेवाले, म्हणजे जुन्या गाड्या जपून चालवणारे, डिझेल रेलकारवर (डब्याच्या पोटाखालीच इंजिन असलेल्या गाडीवर) पैसे का घालवतात? त्या बघायला कोण जातं?

मी जातो. ठाण्यात बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, लेलँडच्या इंजिनांवर 31 वर्षं काढली.

मुलगी इंग्लंडला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा जावयांनी एका हेरिटेज लाइनवर नेलं. त्या दिवशी वाफेचं इंजिन नव्हतं, क्लास 108 या ब्रिटिश मॉडेलची दोन डब्यांची रेलकार होती. जावई हिरमुसले. मी फलाटावर आयडलिंगचा आवाज ऐकला आणि तिथेच थांबलो. हे लेलँड! आपल्याकडे अशोक मोटर्सची 1955 ला अशोक लेलँड झाली, त्याच घराण्यातलं. डर्बीच्या कारखान्यात 1958 ते 61 मध्ये या गाड्या बांधल्या. मोटर डब्याच्या पोटाखाली 150 अश्वशक्तीची दोन इंजिनं आडवी झोपवलेली, पुढे फ्लुइड कपलिंग (इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारं), चार गिअरचा गिअरबॉक्स. सगळी बसचीच मांडणी.

ड्रायव्हरच्या मागे काच आहे, म्हणून पहिल्या सीटवरून समोरचे रूळ आणि त्याचे हात दोन्ही दिसतात. थ्रॉटलचा दांडा मागे घ्यायचा, गिअर बदलायचा, आरपीएम उतरू द्यायचे, मग परत रेस. घाई केली की गाडीला हिसका बसतो. हा ड्रायव्हर सत्तरीचा, बिनपगारी काम करणारा. अख्ख्या प्रवासात एकदाही हिसका नाही.

उतरल्यावर मुलीनं त्या ड्रायव्हरना माझं काम सांगितलं. त्यांनी मला शेडमध्ये नेलं, गाडीखालच्या पिटात उतरवलं आणि फीलर गेज (बारीक फट मोजायची पट्टी) हातात दिली. मला इंग्रजी नीट येत नाही, तरी दोन तास आमचं बोलणं चाललं.

आमचे भावजी नौपाड्यात राहतात. त्यांचं म्हणणं, रेल्वेचा वारसा म्हणजे वाफ, डिझेल म्हणजे भंगार. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आणणारी साहेब, सिंध, सुलतान दर दिवाळीला ऐकवतात. मान्य. पण ती तिन्ही इंजिनं आज कुठे आहेत, भावजी? कामातून गेली तेव्हा तीही कुणाला भंगारच वाटली असणार. आमच्या वर्कशॉपमधली शेवटची जुनी लेलँड बस कापायला काढली तेव्हा एवढी एक ठेवा म्हणून मी अर्ज दिला होता. वरिष्ठांनी तो उघडलाही नाही. गॅस कटर चालला तेव्हा मी तिथेच उभा होतो. घरी येऊन सांगितलं तर भावजी म्हणाले, बरं झालं, जागा मोकळी झाली. ते मी विसरलेलो नाही.

पैशांचं विचारलंत, तर वाफेचं इंजिन पेटवून स्टीम धरायला कित्येक तास जातात. रेलकारला तेवढं थांबावं लागत नाही, आणि दोन्ही टोकांना केबिन असल्यानं शेवटच्या स्टेशनवर इंजिन काढून दुसऱ्या बाजूला जोडण्याची कटकट नाही. गर्दी नसलेल्या दिवशी लाइन चालू ठेवायला हेच परवडतं. वाफच बघायची असेल तर वेळापत्रक बघून जा, पण रेलकारला नावं ठेवू नका.

हां, सगळ्याच जपण्याजोग्या नसतात. त्या काळच्या बऱ्याच डब्यांत ॲस्बेस्टॉस भरलेलं असे, ते सुरक्षितपणे काढणं महागात पडतं. खालची चौकट गंजाने गेली असेल तर मीही म्हणेन, सुटे भाग काढून घ्या आणि दुसरी गाडी वाचवा.

भावजी, या दिवाळीला मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवतो. दुसऱ्याचा तिसरा गिअर पडतो तिथे कान द्या.