ऑपरेशन केलं तर मी उठेन ना हो मॅडम?

मणक्यातली गादी सरकलीये, डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, करू की नको, हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदा एक केस सांगूनच टाकावी. नाव अर्थातच बदललंय.

सुनंदाताई, वय ४४, साताऱ्याकडच्या, पोळीभाजीचे डबे करायच्या. आल्या तेव्हा मी खुर्ची पुढे केली तर बसल्याच नाहीत. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून, डावा पाय जरासा दुमडून पाऊण तास उभ्या. बसलं की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत करंट जातो म्हणाल्या. एमआरआयची ती मोठी पिशवी नवऱ्याच्या हातात, रिपोर्टमध्ये एल४-एल५ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) गादी बाहेर आलीये, नस दबलीये, आणि खाली 'डीजनरेटिव्ह' असा शब्द. तो मुलाने मोबाईलवर शोधला आणि घरात जाहीर झालं की आईचा मणका झिजून संपला. (वय वाढलं की काहीही दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येपण हा शब्द सर्रास येतो, पण हे घरी कोण सांगणार.)

चार आठवड्यांत तीन मतं गोळा झालेली. एक सर्जन म्हणाले लगेच करून टाका, दुसरे म्हणाले सहा आठवडे बघू, आणि जाऊबाई त्यांना घेऊन गेल्या पायाळू माणसाकडे, चमक भरलीये, कमरेला पाय लावून घे म्हणून. त्या रात्री पायाला मुंग्या वाढल्या. इथे मात्र मी समुपदेशक वगैरे बाजूला ठेवून स्पष्ट बोलले, नस दबलेली असताना कुणालाही पाठीवर पाय देऊ द्यायचा नाही, बास.

ऑपरेशन करा किंवा नका करू हे मी सांगत नाही, तो माझा अधिकारच नाही. पण घाई आहे की नाही हे आधी कळायला हवं ना. लघवी अडकते का, बसायच्या जागेला बधिरपणा आलाय का, पाऊल वर उचलणं जमेनासं झालंय का, हे डॉक्टरांनी विचारलं होतं का विचारलं, तर हो म्हणाल्या आणि टाचांवर चालवून बघितलं होतं म्हणत खुर्ची सोडून चार पावलं टाचांवर चालूनच दाखवलं. यातलं काही असतं तर मी त्यांना त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवलं असतं, गप्पा मारत बसले नसते. नव्हतं, म्हणजे विचार करायला वेळ होता.

मग नेदरलँड्समधला एक अभ्यास सांगितला, २००७ सालचा, सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात कळ जाणाऱ्या, २८३ पेशंटचा. अर्ध्यांना लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना आधी गोळ्या, व्यायाम आणि वाट बघणं. लवकर केलेल्यांचा पाय लवकर मोकळा झाला, पण वर्षाने बघितलं तर दोन्हीकडे साधारण ९५ टक्के लोक बरे. आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी वर्षभरात शेवटी ऑपरेशन केलंच, हेही सांगितलं, कारण अर्धी गोष्ट सांगून कुणाला थांबवायचं हे मला पटत नाही. बाहेर आलेला गादीचा तुकडा बऱ्याचदा शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं हे ऐकून नवरा पहिल्यांदा काहीतरी बोलला, "मग पिशवीतला फोटो कायमचा नाय म्हणायचा."

ताई मात्र गप्पच. मग म्हणाल्या, "माझा मामा मणक्याचं ऑपरेशन केलं आणि परत उठलाच नाही." म्हटलं, ऑपरेशनच्या आधी मामा चालत होते का? माहीत नव्हतं. तिथूनच मामीला फोन लावला. मामा आंब्यावरून पडले होते, पाय तेव्हाच गेलेले, ऑपरेशन नंतर झालं. तीस वर्षं घरात गोष्ट अशीच सांगितली जात होती की ऑपरेशनने घात केला. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ खुर्चीच्या पाठीवर बोटं फिरवत राहिल्या.

मग खरी चिंता निघाली, डबे. ३५ गिऱ्हाईकं, एकदा तुटली की गेली. त्यावर आम्ही एमआरआयपेक्षा जास्त वेळ घालवला. कणीक जमिनीवर बसून मळायची नाही, ओट्यावर आणि तीपण जाऊबाईंनी, डबे १४ वर आणायचे, दिवसभर झोपून राहायचं नाही, घरातल्या घरात थोडं थोडं चालायचं, आणि कॅलेंडरवर एका तारखेला गोल करायचा, तोवर फरक नाही पडला तर दुसऱ्या सर्जनकडे परत जाऊन इंजेक्शन की ऑपरेशन ते ठरवायचं. मधे पाऊल लुळं वाटलं किंवा लघवीची तक्रार झाली तर तारीखबिरीख विसरायची, सरळ हॉस्पिटल.

सगळ्यांनी असंच करावं असं नाही हां. त्याच महिन्यात एक टेम्पोवाले दादा होते, गाडीवर बसल्याशिवाय हप्ता फिटत नाही, दोन महिने कळा सोसून झाल्या होत्या, त्यांनी ऑपरेशन केलं आणि मला त्यांचा निर्णयही तितकाच बरोबर वाटला.

ताईंची तारीख आली तेव्हा पोटरीतली कळ वर सरकून कमरेत आली होती, फिजिओच्या मते हे चांगलं लक्षण. नंतर एक इंजेक्शन मात्र घ्यावं लागलं. परवा आल्या तर स्वतःहून खुर्ची ओढून बसल्या, वीस मिनिटं. उठताना टेबलाला हात लावला आणि म्हणाल्या, "२२ डबे झालेत, पण कणीक जाऊच मळते, आणि तिला पगार द्यावा लागतोय."