चढावर पुढची चाकं उड्या मारतात

प्रश्न : फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला दोन इंचांची लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) बसवली. आता त्र्यंबककडच्या कच्च्या चढावर फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, हळू गिअर) पुढची बाजू उड्या मारते. डांबरीवर टू-व्हीलमध्ये ठीक चालते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी टायरची हवा बघा. 35 पीएसआयवरून 25 वर आणा, त्याच चढावर हळू चढवा (उतरल्यावर हवा पुन्हा भरा). उड्या थांबल्या नाहीत, तर जॅक लावून, स्टँड देऊन लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, टॉमीने (लोखंडी पहारीने) हलवून पाहा. लिफ्टनंतर चाकं हवेत असतानाच बोल्ट आवळले, तर बुशचं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी जमिनीवर उभी करूनच आवळायचे. शॉकवर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर) तेलाचा ओघळ दिसला, तर दोन्ही बाजूंचे बदला. मला मात्र जास्त संशय किटमधल्या स्पेसरचा (उंची वाढवणाऱ्या ठोकळ्याचा) आहे: उंची वाढते, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही, ते जमीन सोडतं आणि पुन्हा पकडतं. त्यावर योग्य लांबीचे शॉक हाच इलाज. आणि कोरड्या डांबरीवर फोर-व्हील लावून चाचणी घेऊ नका, गिअरवर ताण येतो.