25,000 रुपये, पाच वर्ग आणि तीन शिक्षक

मॅडम, पहिली ते पाचवीची जिल्हा परिषद शाळा, पट 84, सरकारकडून शाळेच्या खर्चासाठी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाचे 25,000 मंजूर. गाव म्हणतंय रंगरंगोटी करा, सहकारी म्हणतात टीव्ही घ्या, आणि तुम्ही विचारताय आधी काय करू. मी 11 वर्षं प्रभारी मुख्याध्यापक होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आठ दिवस काहीच घेऊ नका. मधल्या सुट्टीत नुसत्या शाळेभर फिरा.

मी पहिल्याच वर्षी टीव्ही घेतला होता. तेव्हा मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी तुटलेली होती. चौथी-पाचवीच्या मुली खिचडी खाऊन घरी जायच्या, त्यातल्या काही परत यायच्याच नाहीत. हजेरी सकाळीच व्हायची, त्यामुळे पटावर सगळ्या हजर. एका आईने सांगितलं तेव्हा कळलं. कडी 40 रुपयांची होती. आजही ते मनाला लागून आहे.

अनुदानातले किमान 10 टक्के, म्हणजे तुमचे 2,500, स्वच्छतेवर खर्च करायचा नियमच आहे. गरज असेल तर त्याहून जास्त करा. मग वर्षभराचं वीजबिल बाजूला काढा. बिल थकून मीटर कापला गेला तर टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. रंगाला लोकवर्गणी मिळते, कारण तो रस्त्यावरून दिसतो. कडीला, नळाच्या तोटीला कुणी वर्गणी देत नाही; अनुदान तिथे वापरा.

पण पैशापेक्षा मोठा प्रश्न शिक्षकांचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) 84 पटाला तीन शिक्षक, वर्ग मात्र पाच. शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालासाठी चांगला शिक्षक वरच्या वर्गांना देण्याची सगळीकडे पद्धत आहे. मला ती साफ चुकीची वाटते. तुमच्यातला सगळ्यात हातखंडा असलेला शिक्षक पहिली-दुसरीला द्या. तिथे वाचन बसलं नाही, तर पाचवीपर्यंत तेच निस्तरत बसावं लागतं. आणि तुम्ही स्वतः पहिल्या दोन तासिका वर्ग सोडू नका. वरून मागवलेली ऑनलाइन माहिती कितीही तातडीची असो, ती दुपारनंतर भरा.

खरेदीआधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, आणि कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, त्याच दिवशी लिहा. या समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला, पण बैठक दुपारी ठेवली तर त्या शेतात असतात, सह्या तेवढ्या नंतर घरोघर जाऊन घेतल्या जातात. संध्याकाळी सातला ठेवा. टीव्हीचा विषयही तिथेच मांडा, आणि आधी आयांना बोलू द्या.