इस्कटून सांगा : खोडसाळ शब्दकोड्याच्या गाठी

गेल्या अंकातल्या ‘पालिका विशेष’ खोडसाळ शब्दकोड्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक. ज्या सूत्राबद्दल (म्हणजे उत्तराकडं नेणाऱ्या वाक्याबद्दल) विचारलंय ते इथं पुन्हा दिलंय, जुना अंक शोधत बसू नका.

प्रश्न : रोजचं शब्दकोडं चहा संपेपर्यंत सुटतं. तुमच्या कोड्यात अर्धा तास घालवला तरी एक घर भरलं नाही. सुरुवात तरी कुठून करायची? (मंगळवार पेठ)

उत्तर : रोजच्या कोड्यात ‘सूर्य (2)’ असं विचारतात, कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं. रवी की भानू, एवढंच ठरवायचं असतं. खोडसाळ सूत्रात एकाच उत्तराकडं दोन वाटा जातात. एक सरळ अर्थाची, दुसरी अक्षरांच्या करामतीची. सरळ अर्थ वाक्याच्या अगदी सुरुवातीला असतो, नाहीतर अगदी शेवटी. मध्ये कधीच नसतो. म्हणून वाक्य काय सांगतंय हे आधी सोडून द्या आणि ते कुठं तुटतंय ते बघा.

1 आडवा असा होता : ‘जनावर धूर्त, बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांवर, तरी जगात भारी (4)’. वाचताना पुराची बातमी वाटते, तीच फसगत. धूर्त जनावर म्हणजे कोल्हा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 ला धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं, म्हणजे पूर. कोल्हा आणि पूर जोडा, कोल्हापूर. ‘तरी’ हा नुसता सांधा, आणि ‘जगात भारी’ हा शेवटाला उरलेला सरळ अर्थ.

स्वल्पविराम, उद्गारचिन्ह यांच्याकडं लक्ष देऊ नका, ती तुम्हाला चुकवायलाच घातलेली असतात. पहिल्या फेरीत दोन अक्षरी सूत्रं शोधा. त्यात करामतीला जागाच कमी, बहुतेक वेळा शब्द उलटा करायचा असतो. 6 आडवा बघा : ‘चला, मागं फिरा! फाईल पुढं सरकवायचं वंगण (2)’. ‘चला’ उलटं वाचा, लाच. अशी पाच-सहा घरं भरली की लांब शब्दांना टेकू मिळतो.

प्रश्न : 8 आडवा : ‘श्वानाचं तोंड खुर्चीत अडकलं, मतदानाआधी मिळालं, मतमोजणीनंतर विरलं (4)’. श्वानाचं तोंड म्हणून ‘मुस्काट’ घेतलं, खुर्ची म्हणून ‘पद’. छापलेलं उत्तर ‘आश्वासन’ बघितलं तरी काही कळेना. (शिवाजी पेठ)

उत्तर : या खेळात शरीराचे अवयव म्हणजे अक्षरांच्या जागा. तोंड, डोकं, म्होरक्या हे पहिलं अक्षर. शेपूट, पाय, शेवट हे शेवटचं. पोट, गाभा, काळीज हे मधलं. तेव्हा श्वानाचं तोंड म्हणजे नुसतं ‘श्वा’. जोडाक्षर असलं तरी घर एकच.

आता बेरीज करा, कारण निम्मी सूत्रं बेरजेवरच सुटतात. उत्तर चार अक्षरी, त्यातलं एक ‘श्वा’, म्हणजे खुर्चीला तीन अक्षरं हवीत. पद, गादी, सत्ता हे तिन्ही शब्द दोन अक्षरी, त्यामुळं बाद. तीन अक्षरी खुर्ची म्हणजे आसन. ‘अडकलं’ हा शब्द सांगतो, की एक तुकडा दुसऱ्याच्या आत जातोय. आ-स-न मध्ये शिरायला दोनच फटी आहेत. दुसऱ्या फटीत घातलं तर ‘आसश्वान’ होतं, तो शब्द नाही. पहिल्या फटीत घातलं की आ-श्वा-स-न. उरलेलं सगळं वाक्य म्हणजे सरळ अर्थ, आणि तो या शहरात निराळा समजावून सांगावा लागत नाही.

छापण्याआधी हेच सूत्र ‘कुत्र्याचं तोंड खुर्चीत’ असं होतं. ते बदललं, कारण त्यात आधी कुत्र्याचा श्वान करायचा आणि मग त्याचं पहिलं अक्षर काढायचं, अशा दोन उड्या एका दमात माराव्या लागतात. कुत्र्याचं तोंड प्रामाणिकपणे काढलं तर ‘कु’च येतं.

प्रश्न : 13 आडवा : ‘रवी, कर इस्कटून! अंबाबाईचं गाव (4)’ सुटलं, उत्तर करवीर. त्याच धर्तीवर एक सूत्र पाठवलं होतं : ‘नवरा इस्कटला की झाडावर (3)’, उत्तर वानर. ते साभार परत का आलं? (इचलकरंजी)

उत्तर : विनोद झकास आहे, पण अक्षरं जुळत नाहीत. नवरा म्हणजे न, व, रा. वानर म्हणजे वा, न, र. काना ‘र’वरून उडी मारून ‘व’वर बसलाय. मराठी कोड्यात एक घर एका अक्षराचं असतं, आणि इस्कटताना अक्षर आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार सोबत घेऊनच हलतं. ‘ठराव’ इस्कटून ‘वठार’ करणारेही बरेच भेटतात. तिथंही तोच घोटाळा : ठ-रा-व मधला काना ‘ठ’वर गेलाय.

करवीरचं गणित मात्र चोख आहे. र, वी, क, र ही चार अक्षरं, तीच क, र, वी, र. त्यातला ‘वी’ दीर्घ आहे हे महत्त्वाचं. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी रवि, कवि यांची शेवटची वेलांटी दीर्घ केली. त्याआधीच्या वळणाचं ‘रवि’ धरलं असतं तर ‘वीर’ निघालाच नसता.

अक्षरं मोजताना लोक कुठं चुकतात तेही सांगून टाकतो. रस्ता दोन घरं (र, स्ता). कर्म दोन, कारण रफार पुढच्या अक्षराचा. वाङ्मय तीन. महालक्ष्मी चार. अनुस्वाराला वेगळं घर नाही.

इस्कटायची अक्षरं कागदावर एका ओळीत लिहू नका. ओळीत डोळा जुनाच शब्द वाचत राहतो. गोलात लिहा, मध्ये काही लिहू नका, आणि जोडाक्षराभोवती एकच रिंगण करा. उधळली, कालवाकालव, दंगल, फेरफार, बदली असले शब्द दिसले की शेजारची अक्षरं हलवून बघायची. पालिकेच्या कोड्यात ‘प्रभाग फेररचना’ यासारखं दुसरं हत्यार नाही. ‘इस्कटून’ची गंमत अशी, की त्यावर बाहेरगावचा माणूस कमी फसतो. त्याच्या कानाला तो शब्द विस्कटण्याचाच वाटतो. आपल्याकडं ‘इस्कटून सांग’ म्हणजे सविस्तर सांग, त्यामुळं कोल्हापूरकर तपशिलाची वाट बघत बसतो आणि अक्षरं समोर पडून राहतात.

प्रश्न : अक्षर स्वतःची मात्रा घेऊनच हलतं हा तुमचाच नियम. मग 17 आडव्यात तो कसा मोडला? ‘महापूर! पायताण काढलं, डोक्यावर चढवलं. शहराचा पहिला नागरिक (4)’, उत्तर महापौर. (शाहूपुरी)

उत्तर : इस्कटताना मात्रा हलत नाही, हे खरंच आहे. पण चिन्ह बदलणं हा वेगळा डाव आहे, आणि तो सूत्रात सांगूनच खेळावा लागतो. इथं सांगितलाय : ‘पू’च्या पायातला उकार काढला आणि डोक्यावर मात्रा चढवल्या, झाला ‘पौ’. काटेकोर बघायचं तर दोन मात्रांसोबत एक काना फुकट आलाय आणि काना काही डोक्यावर बसत नाही, शेजारी उभा राहतो. तेवढी हरकत मान्य.

त्या सूत्रात ‘महापूर!’ असा प्रत्ययाविना एकटाच उभा का, हे बघण्यासारखं आहे. ‘महापुराचं पायताण’ म्हटलं असतं तर सामान्यरूपात ‘पू’चा ‘पु’ झाला असता आणि ‘र’चा ‘रा’, म्हणजे ज्या अक्षरांवर काम करायचं तीच बदलली असती. म्हणून करामतीचा शब्द मूळ रूपात ठेवावा लागतो, आणि मराठी वाक्यात असा शब्द जरा अवघडून बसतो. तेच सोडवणाऱ्याला सापडलेलं टोक. एखादं नाम ‘ला’, ‘चा’, ‘नं’ काहीच न लावता विचित्र जागी उभं दिसलं, की तिथंच खणायला सुरुवात करा.

शब्द लपवताना नेमकं उलटं होतं, तिथं प्रत्यय कामाला येतात. 11 आडवा : ‘जलपर्णीखालचं तळं खरं काळाच्या पोटात (3)’. ‘खरं काळाच्या’ हे दोन शब्द मधली मोकळी जागा बुजवून वाचा : ख-रं-का-ळा-च्या. पोटात रंकाळा आहे. ‘काळा’च्या ऐवजी ‘काळ’ ठेवला असता तर ‘ळा’ मिळालाच नसता. लपलेला शब्द डोळ्यांना दिसत नाही, कारण डोळा शब्दाशब्दावर थांबतो. पेन्सिलचं टोक अक्षरांवरून न उचलता फिरवा.

प्रश्न : हा खोडसाळपणा इंग्रजांकडून उचललाय काय? (कागल)

उत्तर : चौकट उचललेली आहे. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये दिलं, पतंगाच्या आकाराचं. गूढ सूत्रांचा प्रकार लंडनचा. 1926 पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्कमाडा’ या टोपणनावानं अशी कोडी येत. राजकारण्यांची टोपी उडवणारं कोडं ‘प्रायव्हेट आय’ या पाक्षिकानं गाजवलं, आणि त्याच्या सुरुवातीच्या रचनाकारांत टॉम ड्रायबर्ग हे चक्क मजूर पक्षाचे खासदार होते. अक्षरांची करामत मात्र आपल्याला नवी नाही. ‘तीन अक्षरी माझं नाव, पहिलं काढलं तर…’ हे हुमण घालणाऱ्या आजीला हा खेळ कुणी शिकवावा लागला नव्हता.

प्रश्न : स्वतः सूत्र रचताना काय तपासावं? दोन पाठवतोय. ‘सभा उधळली, उरला आभास (2)’, उत्तर भास. ‘तुकडा आणि दळण, 2025 साली कोल्हापुरात आलं (4)’, उत्तर खंडपीठ. (गडहिंग्लज)

उत्तर : पहिल्यात करामत सुरेख : सभा म्हणजे स, भा, तेच भा, स. पण ‘आभास’ लिहून उत्तर वाढून दिलंत. उत्तराचा शब्द किंवा त्याचं भावंड सूत्रात दिसता कामा नये. ‘उरला भ्रम’ करा, पुढच्या अंकात घेऊ. दुसऱ्यात सरळ अर्थ चुकलाय. 18 ऑगस्ट 2025 पासून इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं पीठ, बसू लागलं. ते खंडपीठ नव्हे, आणि तेवढ्यासाठी वकील मंडळी पत्रांचा ढीग पाठवतील. ‘तुकडा आणि दळण, वकिलांची जुनी मागणी’ असं केलं की वाद मिटला.

टोमणा पदाला मारा, माणसाला नको. नाव घेतलं की सूत्र महिन्यात शिळं होतं आणि भांडण ताजं राहतं. ‘पालेभाजीपाठोपाठ खातेवाला आला, झेंडावंदनापुरता जिल्ह्यात दिसला (5)’. पालक आणि मंत्री. पक्ष कुठलाही येवो, सूत्र चालतं. चावटपणाही वाक्यात असावा, उत्तर सोवळं राहू द्यावं : ‘खाली नसतो तो नवरदेव (2)’, उत्तर वर.

चौकट आखणार असाल तर 11 बाय 11 पुरे. इंग्रजीत 15 बाय 15 चालते, पण आपले शब्द अक्षरांत मोजले तर बहुतेक तीन-चार घरांचेच असतात, आणि मोठ्या चौकटीत सात-आठ अक्षरी शब्द शोधता शोधता जीव जातो. लांब शब्द आधी बसवा. आडवा-उभा शब्द र, क, न, स, ल अशा काना-मात्रा नसलेल्या अक्षरांवर छेदू द्या. ‘क्ष्मी’वर छेद आला तर ते पान फाडून नव्यानं आखणं लवकर होतं.

प्रश्न : 13 उभा : ‘मिसळीवर ओततात, बंद दाराआड शिजतो (2)’. आमच्या घरात चौघांनी ‘रस्सा’ लिहिलं. तुम्ही ‘कट’ छापलंत. रस्सा मिसळीवर ओतत नाहीत काय? आणि तो दार उघडं टाकून शिजवतात काय? (राजारामपुरी)

उत्तर : अक्षरं दोन, लिंग पुल्लिंगी, ओततात तोही आणि शिजतो तोही. सूत्र एकट्यानं वाचलं तर तुमचं उत्तर नाकारायला जागा नाही. अभिप्रेत होता तो मिसळीचा कट आणि कारस्थानाचा कट; इथं अक्षरांची करामत नाही, दोन्ही वाटा अर्थाच्याच. निकाल 13 आडव्यावरून लागतो : दोन्ही शब्द एकाच घरातून निघतात आणि करवीरचं पहिलं अक्षर क आहे. पण छेदाशिवाय ठरू नये असं सूत्र ढिलंच म्हणायचं. ‘मिसळीवर ओततात, उघडा पडला की फसतो (2)’ असं हवं होतं. रस्सा उघडा पडला तर फार तर गार होईल. ‘रस्सा’ लिहिणाऱ्यांना या खेपेला अर्धा गुण दिला आहे; आडवं ‘करवीर’ भरून झाल्यावरही ज्यांनी ‘रस्सा’च ठेवला त्यांना नाही.