इंदूरला घरापुढे ‘बुटका हापूस’ लावावा का?

तुम्ही विचारलंय की राजेंद्रनगरात घरापुढे दहा बाय बारा फुटांची जागा आहे, नर्सरीवाला ‘बुटका हापूस’ देतोय, तर घ्यावा का. नका घेऊ. दोन फुटांचं कलम बुटकं दिसतं ते लहान असतं म्हणून. हापूस वाढला की चांगला डेरेदार होतो. त्यातून तो एक वर्षाआड धरणारा, आणि कोकणातली चव माळव्यात उतरत नाही. आपल्या मराठी मनाला कितीही लागलं तरी.

आम्रपाली घ्या. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने 1970च्या दशकात दशहरी आणि नीलमच्या संकरातून काढलेली जात. बागेत ती अडीच-अडीच मीटरवर लावतात, हेक्टरी 1600 झाडं. यावरून तिचा पसारा लक्षात येईल. दरवर्षी धरते. फळ लहान, गर गडद केशरी. मल्लिका हिचीच बहीण, फळही मोठं, पण तुमच्या जागेला ती भारी पडेल.

आपली जमीन काळी, चिकण. नुसता खड्डा खणून लावलंत तर पावसाळ्यात त्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळून फूटभर उंचवटा करा, कलम त्यावर लावा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या. सांध्याखालून फूट आली की लगेच काढा, ती खालच्या रायवळ खुंटाची असते, म्हणजे ज्या गावठी रोपावर कलम बांधलंय त्याची. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर खुडून टाका. घरच्यांची बोलणी खावी लागतील, पण खुडा.

आता खरी गोष्ट कात्रीची. आम्रपालीसुद्धा न छाटता सोडली तर वाढतेच. रोप अडीच फुटांचं झालं की शेंडा मारा, तीन फांद्या तीन दिशांना राखा. पुढे दरवर्षी फळं उतरवली की त्याच आठवड्यात छाटणी. फांदीच्या टोकाजवळ पानांचा दाट घेर दिसतो. त्याच्या वर कापलंत तर तिथून फुटींचा झुबकाच निघतो. घेराच्या जरा खाली कापलंत तर मोजक्याच आणि सुट्या फुटी येतात. मधोमध घुसलेली फांदी मुळातून काढा. दाटीत तुडतुडे माजतात आणि मोहोर काळा पडतो. चीक अंगावर उडाला तर भाजल्यासारखे फोड येतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

छाटणी दिवाळीवर ढकलू नका. मोहोर पक्व काडीच्या शेंड्यावर येतो. उशिरा आलेली कोवळी पालवी त्या वर्षी पानंच देते. झाड धरायला लागलं की ऑक्टोबरनंतर पाणीही तोडा, फळ वाटाण्याएवढं दिसेपर्यंत. शेजारी लॉन असेल आणि त्याला रोज नर्मदेचं पाणी सोडत असाल, तर आंबा रुसणारच.

बुटकं ठेवायला पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे वाढ रोखणारं रसायन, घाला असं कोणी सुचवेल. ते मातीत फार काळ टिकतं. घरच्या एका झाडासाठी कशाला?

एक अडचण राहतेच: आम्रपाली उशिरा पिकते, म्हणजे ऐन पावसात, आणि तेव्हा फळमाशी असते. मे अखेरीस फळांना कागदी पिशव्या बांधा.